पक्क्या वहीत काही नाही

सोमवार, ४ मे. सं. ६.३०

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. आत पाच रकाने आखलेले. तारीख, वेळ, काय करत होतात, कुठे दुखलं, किती वेळ. रोज प्रामाणिकपणे लिहा म्हणाल्या, आणि तेरा तारखेला सकाळी आठला या, पट्ट्यावर चालवून हृदयाची टेस्ट करू. 'प्रामाणिकपणे' हा शब्द त्यांनी हिच्याकडे बघत उच्चारला. बायकांची युती झाली की नवऱ्याने छताकडे बघावं. मी बघितलं. पंखा पुसायला हवा होता.

मुळात झालं काय, तर मागच्या आठवड्यात मशीनरूमला जाताना चौथ्या जिन्यावर जरा टेकलो. टेकलो म्हणजे बसलो. बसलो म्हणजे आमच्या फिटरने धरून बसवलं. एवढ्यावरून त्याने घरी फोन केला. आमच्या ऑफिसात बातमी लिफ्टपेक्षा लवकर खाली पोहोचते.

पंचवीस वर्षं लिफ्ट तपासतोय. प्रत्येक लिफ्टशेजारी भिंतीवर माझंच वाक्य चिकटवलेलं आहे: आवाज आला की लिफ्ट बंद, माणसं जिन्याने जातील. ज्याला मशीनचं कळतं त्याला शरीराचं कळतंच. माझ्या शरीरात आवाज नाही. आहे तो गॅसचा.

मंगळवार, ५ मे. रा. ८

आमच्या धंद्याची रीत आहे. तपासणीच्या दोन वह्या. कच्चीत जे दिसलं ते, जागच्या जागी, ग्रीसच्या बोटांनी. पक्कीत जे शोभेल ते, टेबलावर बसून, निळ्या शाईने. साहेब पक्की वाचतात. कच्ची आपली आपल्यापाशी.

तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी वही आणली, तसेच पाच रकाने आखले, वर डॉक्टरीणबाईंचं नाव आणि फोन नंबर घातला. ती पक्की. पक्कीतली आजची नोंद: काही नाही.

कच्चीतली: सं. ६.१५, बाजारातून येताना छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. दोन मिनिटं. बसणारा जड होता. पण हातात कलिंगड होतं, तेही जड होतं. कारण सापडलं की आजार राहत नाही.

गुरुवार, ७ मे. रा. ९

मोठी बातमी!

एचआरच्या बाईंचा फोन. साहेबांनी माझ्यासाठी वाळवंटातल्या एका गोल्फ रिसॉर्टचं बुकिंग केलंय, शुक्रवार ते रविवार, पंधरा ते सतरा. दोघांचं आहे, मिसेसना घेऊन जा, मस्त आराम करा, म्हणाल्या.

आता हे उलगडून बघू. विभागप्रमुख गेल्या महिन्यात निवृत्त झाले. त्यांची खुर्ची रिकामी, वरची उशीसुद्धा काढून नेलेली. साहेब गोल्फ खेळतात, केबिनमध्ये हिरवी पट्टी टाकून ग्लासात चेंडू ढकलतात. मी मागे एकदा लिफ्टमध्ये त्यांना म्हटलं होतं की मीही खेळतो. सहाव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत काहीतरी बोलायला हवं होतं. प्रत्यक्ष खेळलो नव्हतो हा तपशील.

मोठ्या जागांचे निर्णय केबिनमध्ये होत नाहीत, गवतावर होतात. तिथे संचालक मंडळाचा कुणी माणूस साध्या वेषात असणार. 'आराम करा' ही तर परिभाषा झाली. आणि 'मिसेसना घेऊन जा' हा सापळा. अशा वेळी जो बायकोचं बोट धरून येतो त्याला मंडळ काय समजेल? शिवाय हिला नेलं तर एकाग्रता भंगणार. ऊन लागेल, पाणी प्या, गोळी घेतली का, हेच चालू राहणार.

संध्याकाळी हिला सांगितलं, ऑफिसचं काम आहे, एकट्यालाच बोलावलंय. ही शाळेतल्या दहावीच्या उन्हाळी वर्गाचे पेपर तपासत होती. लाल पेन्सिल थांबली. 'एकट्यालाच?' म्हणाली. मी म्हटलं, एकट्यालाच. ही 'बरं' म्हणाली आणि पुढचा पेपर घेतला. इतक्या लवकर 'बरं' म्हणणारी ही नव्हे. अभिमान वाटला असणार.

शनिवार, ९ मे. दु. १२

एका निवृत्त माणसाचा जुना सेट मिळाला. सात काठ्या आणि बॅग. बॅगेच्या कप्प्यात त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या निघाल्या. बिचारा.

गच्चीत सराव. व्हिडिओतला मास्तर सांगतो की डावा हात खांद्यापासून ताठ ठेवा, सुरुवातीला दुखेल, दुखलं म्हणजे बरोबर चाललंय. माझं तर फारच बरोबर चाललंय. काठी न उचलतासुद्धा दुखतो, खांद्यापासून करंगळीपर्यंत. सकाळी चहा ओततानाही दुखला. इतक्या लवकर प्रगती होईल असं वाटलं नव्हतं.

कपाटात इस्त्रीचा शर्ट शोधताना एक पिशवी सापडली. आत टोपी! रुंद काठाची, गवती, फिक्या निळ्या फितीची. ही मला सरप्राइज देणार होती. सोबत वाळूत चालायच्या चपला, पण त्या तिच्या मापाच्या, दुकानदाराने घोळ घातला असणार. बिलावर पाच तारीख. म्हणजे मला बातमी कळण्याच्या दोन दिवस आधी! बायकांना सहावं इंद्रिय असतं ते खोटं नाही.

टोपी घालून हिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. डोक्याला जरा घट्ट होते. ही बघत राहिली. मग हसली. मग दूध उतू जातंय म्हणून आत गेली. गॅसवर दूध नव्हतं. पंचवीस वर्षांच्या संसारात न बोलता कळतं म्हणतात ते हेच.

सोमवार, ११ मे. सं. ७

ऑफिसात कुणाला काही बोललो नाही. फक्त रिकाम्या खुर्चीत एकदा बसून बघितलं. पाठ टेकत नाही, उशी परत मागवावी लागेल.

जिना: दोन मजले, दोनदा थांबलो. दोन्ही वेळा भिंतीवरच्या सूचना वाचल्या. लोकांना वाटलं तपासणी चाललीय.

पक्की वही रोज लिहायचा कंटाळा. आज बसून एकदम वीस तारखेपर्यंत भरून टाकली. काही नाही, काही नाही, काही नाही. अक्षर सुरेख आलंय. नियोजन नियोजन म्हणतात ते हे.

बुधवार, १३ मे. दु. १

टेस्ट पुढे ढकलली. म्हणजे फोन करून सांगितलं की ऑफिसचं अर्जंट आलंय, वीस तारखेला येतो. तिकडची मुलगी म्हणाली, डॉक्टरीणबाई रागावतील. रागावू देत. मैदानभर पसरलेले गोल्फचे अठरा होल चालणं हीच मोठी टेस्ट आहे, आणि तिथे पट्टाही नाही, खरी जमीन आहे.

आठ ते दहा गावाबाहेरच्या सरावाच्या मैदानावर. पन्नास चेंडूंची बादली. एकोणीस मारले, त्यांतले सहा हलले. मग घाम आला. गार घाम. बाहेर एवढं ऊन आणि अंग गार, निसर्गाने सोय किती केलेली असते! बादली उलटी करून तिच्यावर अर्धा तास बसलो.

ही शाळेतून धापा टाकत आली, पर्स खांद्यावर तशीच. काय म्हणाल्या? मी म्हटलं, घोड्यासारखं हृदय आहे म्हणाल्या. ही दारातल्या स्टुलावर बसली आणि दोन्ही हात तोंडावर धरले. मग डोळे पुसून म्हणाली, 'मग जा तुम्ही. निर्धास्त जा.'

मला क्षणभर वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण विभागप्रमुखाची बायको झाली की सगळं विसरेल. चांगल्या कामासाठी थोडं इकडचं तिकडे करावंच लागतं.

शुक्रवार, १५ मे. सं. ५

पोहोचलो. सहा तास बस. शेवटचे दोन तास खिडकीबाहेर एकही झाड नाही, घर नाही, फक्त तांबूस वाळूच्या टेकड्या. मग एकदम मधोमध हिरवीगार पट्टी. इतकी हिरवी की खोटी वाटावी. देखावा म्हणजे काय सांगू! कॅलेंडरवरच बघावा.

पाहुणे मात्र दिसत नाहीत. या महिन्यात कुणी येत नाही म्हणे. म्हणजे मुद्दाम निवडलाय महिना.

खोलीत सगळं दोन दोन. दोन टॉवेल, दोन सपाता, व्हरांड्यात वाळवंटाकडे तोंड करून दोन आरामखुर्च्या. टेबलावर कार्ड: दोघांना शांत विश्रांती लाभो. दुसऱ्या खुर्चीवर गोल्फची बॅग ठेवली, रिकामी बरी दिसत नव्हती.

रिसेप्शनवर पाटी. एक, पाण्याशिवाय जाऊ नये. दोन, सकाळी दहानंतर खेळू नये. तीन, चेंडू वाळूत गेल्यास त्याच्या मागे जाऊ नये. तिसरं का म्हणून विचारलं. काउंटरवरचा म्हणाला, 'जाणारे जातात हो, पण आणायला आम्हाला जावं लागतं.' आणि रजिस्टर पुढे सरकवून घरच्यांचा फोन नंबर लिहायला लावला. हिचा लिहिला.

हिचा फोन आला होता. उचलला नाही. जबडा दुखत होता.

शनिवार, १६ मे. स. ५.५०

सुरुवात. एकट्या खेळाडूला जोडीदार देतात. माझा जोडीदार म्हणजे सत्तरीचे आजोबा, विटका खाकी शर्ट, बुटाला दोरी बांधलेली. ओळख करून दिली. म्हणाले, मी डॉक्टर, पण घोड्यांचा. आता निवृत्त, शेजारच्याच गावात राहतो, रोज सकाळी खेळतो.

घोड्यांचा डॉक्टर! मंडळाचा माणूस सांगून सांगून सांगणार काय? मी डोळा मारला. त्यांनी माझा डोळा खाली ओढून आतला रंग बघितला.

काठ्या सांभाळायला कॅडी म्हणून एक बाई आहेत. पन्नाशीच्या, काळा चष्मा, कमरेला वायरलेस. बॅटरीची गाडी त्याच चालवतात. माझ्या टोपीच्या निळ्या फितीकडे बघितलं आणि पाण्याच्या बाटल्या मोजायला लागल्या.

स. ६.२५. पहिला होल

पहिला फटका: चेंडू जागेवर. दुसरा: जागेवर. तिसरा: वाळूत. मागे निघालो तर कॅडीबाईंनी बाही धरली. 'गेला तो गेला,' म्हणाल्या.

माझे तेरा फटके, आजोबांचे पाच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यातला मी नव्हे. पण इथलं अंगण खरंच वाकडं आहे.

स. ७. तिसरा होल

मुलाखत सुरू झाली. आजोबा चालता चालता सहज विचारतात. जिना चढताना थांबावं लागतं का? मी म्हटलं, वर चढायची माझी नेहमीच तयारी असते. झोप लागते का? म्हटलं, काम डोक्यात असलं की झोप कसली. वडील कशाने गेले? हे जरा खासगी होतं, पण मोठ्या कंपन्या घराणं बघतात. म्हटलं, खुर्चीत बसल्या बसल्या, बावन्नाव्या वर्षी, कुणाला त्रास न देता. तुमचं वय? म्हटलं, एक्कावन्न.

आजोबांनी कॅडीबाईंकडे बघितलं. गुण चांगले पडताहेत.

स. ७.५०. सहावा होल

पाणी प्यायलो, उलटून आलं. नाश्ता न करता आलो हे चुकलंच. दात ओढल्यासारखा जबडा दुखतो. दात आवळून खेळतो त्याचा परिणाम. जिद्दी माणसांचे जबडे दुखतातच.

वर एक घार फिरतेय. मघाशी नव्हती.

आजोबा म्हणाले, बसा जरा. म्हटलं, बसणाऱ्याचं नशीब बसतं.

स. ८.४०. नववा होल

मैदानाचं हे शेवटचं टोक. पहिले नऊ होल घरापासून लांब नेतात, पुढचे नऊ परत आणतात. मागे वळून बघितलं तर क्लबहाउस नखाएवढं. पुढे नुसती वाळू, ती वर वर चढत आभाळाला लागलेली.

इथे एक दगडी बाक आहे. वर पाटी: याच ठिकाणी खेळता खेळता शांत झालेल्या एका पाहुण्याच्या स्मरणार्थ, कुटुंबीयांकडून. नशीबवान माणूस! बाकावर बसून बघितलं. पाठीला बरा आहे. माझ्या मापाचा वाटला.

आजोबांनी न विचारता मनगट धरलं. ओठ हलवत काहीतरी मोजलं. मग म्हणाले, 'तुम्ही घोडा असतात ना, तर मी केव्हाच खोगीर उतरवलं असतं.'

वाक्य मोलाचं आहे, म्हणून तसंच लिहून ठेवतो. खोगीर उतरवणं म्हणजे प्रमुखाने सगळा भार स्वतःच न वाहता हाताखालच्यांवर सोपवणं. मी लगेच म्हटलं, जागेवर बसलो की हेच करणार. आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, इथून गाडी सरळ मागे घेऊ, दहा मिनिटांत पोहोचू. कॅडीबाई गाडी वळवायलाही लागल्या.

ही शेवटची परीक्षा. अर्ध्यातून परत फिरणाऱ्याला कोण प्रमुख करणार? म्हटलं, घोडामैदान जवळच आहे. आणि उतरून चालायला लागलो.

मागे कॅडीबाई वायरलेसवर हळू बोलताहेत. ऐकू येत नाही. कानात आवाज येतोय.

स. ९.२०. दहावा

घारी तीन. सावली नाही. टोपी आवळतेय.

पक्कीत आज काही नाही आहे. बरं झालं आधीच लिहिलं.

स. ९.४०. अकरावा

पेन धरवत नाही डाव्या हाताने वही. आता मारतो. हा मोठा

शनिवार, १६ मे. दु. १.३०

जवळच्या गावातला छोटा दवाखाना. पडल्या पडल्या लिहितोय, वही उशीखाली ठेवतो.

अकराव्या होलवर मी आयुष्यातला सर्वोत्तम फटका मारला. हात असा फिरला की छातीत काहीतरी लख्ख झालं, डोळ्यांपुढे सगळं पांढरं. चेंडू इतका लांब गेला की दिसलाच नाही. त्यानंतरचं नीट आठवत नाही. आजोबांनी तोंडात गोळी कोंबली आणि चावा म्हणाले. कॅडीबाईंनी गाडी गवत सोडून सरळ वाळूतून घातली. पाटीवरचा तिसरा नियम मोडला, कुणाला सांगणार नाही. टोपी उडाली.

इथला डॉक्टर तरुण आहे, पण समजूतदार. हृदयाचा आलेख काढला, म्हणाला तसा ठीक दिसतोय. मग बॅगेत पक्की वही सापडली. पहिलं पान वाचलं: काही नाही, काही नाही. म्हणाला, दहा दिवसांत छातीची एकही तक्रार नाही, म्हणजे ऊन लागलंय, सलाईन लावू, संध्याकाळी सोडू. मी आजोबांकडे विजयी नजरेने बघितलं.

आजोबा त्याच्याशी भांडले. मी सकाळपासून बघतोय, आलेख पुन्हा काढा, रक्त तपासा, म्हणाले. डॉक्टर नम्रपणे म्हणाला की माणसात आणि घोड्यात फरक असतो. आजोबा म्हणाले, 'असतो. घोडा खोटं सांगत नाही.'

हे कुणाला उद्देशून होतं कळलं नाही. त्यांनी रजिस्टरवरून हिचा नंबर घेऊन सकाळीच फोन केला म्हणे. गरज नव्हती. संध्याकाळी सुटलो की उद्या पहाटे उरलेले आठ होल.

छातीवर परत कुणीतरी बसतंय. हळूहळू. कलिंगड नाही या वेळी.

बुधवार, २० मे. स. ९.४५

मोठ्या शहरातलं मोठं हॉस्पिटल. चार दिवस वही नव्हती. आज मिळाली. राहिलेलं लिहून काढतो.

त्या दिवशी साडेचारला ही आली. टॅक्सीने, सहा तास. केस वाऱ्याने विस्कटलेले, पायात त्या वाळूत चालायच्या चपला. माझी विचारपूस केली नाही. टेबलावरची पक्की वही घेतली आणि वर्गात उभी राहते तशी उभी राहून एकेक पान बघत गेली. मग डॉक्टरला विचारलं, आज तारीख काय? तो म्हणाला, सोळा. हिने वही त्याच्यापुढे धरली आणि बोट ठेवलं. 'यांनी वीसपर्यंत लिहिलंय.'

डॉक्टरने वाचलं. परत वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

ही माझ्याकडे वळली. 'अहो, दुसरी कुठंय?' मी म्हटलं, दुसरी कसली? म्हणाली, 'पंचवीस वर्षं बघतेय. तुमची कधी एकच वही असते का? कच्ची द्या.'

ती उशीखाली होती. माझं डोकं तिच्यावरच होतं. तिच्यात सगळंच होतं. तेरा तारखेची बादली होती. घोड्यासारखं हृदय होतं. बायकोचं बोट धरून येणारा माणूस होता. दिली तर अब्रू जाणार. नाही दिली तर संध्याकाळी सुटका, आठ होल, खुर्ची.

लिहायला लाज वाटते. पण मी विचार केला. जीव की अब्रू, असा सरळ प्रश्न समोर होता आणि मी सलाईनचे थेंब बघत विचार करत होतो. ही हात पुढे करून उभी. मग दुखणं असं उसळून आलं की माझा हात आपोआप उशीखाली गेला. मी दिली असं म्हणवत नाही. हाताने दिली.

हिने मोठ्याने वाचली. शुद्धलेखन घालताना वाचते तशी, स्पष्ट, एकही ओळ न गाळता. कलिंगड. डावा हात, करंगळीपर्यंत. गार घाम. जबडा. डॉक्टर आधी लिहून घेत होता, मग लिहायचा थांबला, मग पळत बाहेर गेला आणि ॲम्ब्युलन्ससाठी ओरडायला लागला. ही वाचतच होती. 'हिला नेलं तर एकाग्रता भंगणार' हेही वाचलं. 'निर्धास्त जा' हे तिचं स्वतःचं वाक्यही वाचलं. फक्त एकदा थांबली. टोपीपाशी. तिथे पान उलटायला तिला फार वेळ लागला.

आजोबा स्टुलावर मान खाली घालून बसले होते. निघताना माझ्या पायावर थाप मारली. हिच्या हातात रुमालात बांधून काहीतरी दिलं.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन नळ्या बसवल्या. इथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की संध्याकाळी सोडलं असतं तर घरी पोहोचलो नसतो. एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

एचआरच्या बाईंचा फोन हिने माझ्या कानाला लावला. बोलता बोलता त्या म्हणाल्या की मिसेसचं खरंच कौतुक आहे. चार तारखेला मिसेस दवाखान्यातून थेट ऑफिसात आल्या होत्या. यांना दोन दिवस कुठेतरी शांत न्यायचंय, ऐकत नाहीत, साहेबांनी सांगितलं तर ऐकतील, म्हणाल्या. साहेबांनी स्वतःचं बुकिंग दिलं, दोघांना म्हणून. आणि हो, विभागप्रमुखाची जागा एक तारखेलाच भरली, आपल्या फिटरलाच बढती दिली, खुर्चीत जूनपासून बसेल. नोटीस लिफ्टशेजारी लावलीय. तिथे माझं वाक्य आहे ना, त्याच्याच खाली.

ही नोटीस मी रोज बघत होतो. वाचली नव्हती.

रुमाल सोडून बघितला. आत चेंडू आणि लाकडी टी, म्हणजे चेंडू ज्याच्यावर ठेवून मारतात ती खुंटी. आजोबांची चिठ्ठी: 'अकराव्या होलवरचा. तुम्ही फार लांब गेला म्हणत होता, म्हणून पाठवतो. तो टीवरच होता. हललाही नव्हता.'

ही बाहेर बाकावर बसल्या बसल्या झोपलीय. चपला काढून बाजूला ठेवल्यात. पट्ट्यांत अजून वाळू आहे. सकाळी वही उशाशी ठेवून गेली. सबंध वही चाळली. वाटलं होतं पानोपानी लाल पेन्सिल असेल. कुठेच नाही. माझ्या शुद्धलेखनाच्या चुकाही तशाच सोडल्यात. फक्त नऊ तारखेच्या पानावर, समासात, तिच्या अक्षरात तीन शब्द आहेत.

टोपी माझी होती.

तारीख: २० मे. वेळ: स. १०.१०. काय करत होतात: वाचत होतो. कुठे दुखलं: डावीकडे, आत. किती वेळ: अजून दुखतंय. नळ्यांचं आहे की दुसरं कशाचं, कळत नाही. सिस्टरची बेल हाताशी आहे.

आधी हिला हाक मारतो.